अपस्मार असताना कायद्याचे शिक्षण : एका विद्यार्थिनीस पत्र

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. पदवीचे शेवटचे वर्ष, कायद्याच्या प्रवेश परीक्षेचा अर्ज भरावा की नाही याची घालमेल, बँकेच्या परीक्षा देऊन लवकर नोकरीला लागावे हा वडिलांचा आग्रह, आणि या सगळ्याच्या मुळाशी दोन वर्षांपूर्वी निदान झालेला अपस्मार, म्हणजे फिट येण्याचा आजार, असे सारे तू एका दमात लिहिले आहेस. वाचताना मला असे दिसले की तू दोन वेगळे प्रश्न एकत्र बांधून घेतले आहेस. कायदा शिकावा की नाही, हा एक प्रश्न. शिकल्यावर कोणत्या प्रकारचे काम करावे, हा दुसरा. तुझ्या आजाराचा दुसऱ्या प्रश्नाशी संबंध आहे आणि तो बराच आहे. पहिल्याशी त्याचा संबंध मला जवळजवळ दिसत नाही, म्हणून आधी तो प्रश्न मोकळा करू.

‘फिट येणाऱ्या मुलीला वकिलीची सनद देतात का,’ असे तुझ्या आत्याने विचारल्याचे तू लिहिले आहेस. अधिवक्ता अधिनियम, १९६१ चे कलम २४ उघडून पाहा. त्यात नागरिकत्व, वयाची एकवीस वर्षे पूर्ण असणे, मान्यताप्राप्त विधी पदवी अशा अटी आहेत. आरोग्याची अट नाही. कलम २४अ मध्ये कोणाची नोंदणी होऊ शकत नाही ते सांगितले आहे, आणि तिथे काही गुन्ह्यांतील दोषसिद्धी व बडतर्फी यांचा उल्लेख आहे, आजाराचा नाही. आत्याबाई मात्र अगदीच हवेत बोलत नव्हत्या, हेही लक्षात घे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम ५ मध्ये वेडाबरोबर अपस्माराचे वारंवार झटके येणाऱ्या व्यक्तीलाही विवाहास अपात्र ठरवणारी तरतूद होती, आणि १९९९ च्या दुरुस्तीने त्यातून अपस्मार वगळण्यात आला. म्हणजे त्यांच्या पिढीने हा आजार कायद्यातच वेडाच्या शेजारी लिहिलेला पाहिला आहे. ‘कुणाला सांगू नकोस, स्थळे येताना अडचण होईल’ हा सल्लाही त्याच काळातून आला आहे. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा त्यांना ही दुरुस्ती वाचून दाखव.

प्रवेशाविषयी थोडक्यात लिहिते, कारण ही माहिती तुला सहज मिळेल. राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या ‘क्लॅट’ या प्रवेश परीक्षेतून मिळणारा पदवीचा प्रवेश बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी असतो, ती वाट मागे राहिली म्हणून हळहळू नकोस. पदवीधरांसाठी तीन वर्षांचा एलएलबी आहे. त्यासाठी पदवीला खुल्या प्रवर्गात किमान ४५ टक्के गुण लागतात आणि महाराष्ट्रातील महाविद्यालयांसाठी राज्य सीईटी कक्षाची विधी प्रवेश परीक्षा द्यावी लागते. ती संगणकावर होते, इंग्रजीबरोबर मराठीतही देता येते आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. बंगळुरूच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठानेही २०२२ पासून तीन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला आहे. त्याची परीक्षा वेगळी असते आणि स्पर्धा तीव्र असते. संगणकाच्या पडद्यामुळे झटका येईल, ही जी भीती तू लिहिली आहेस, तिच्याबद्दल तुझ्या न्यूरॉलॉजिस्टना थेट विचार. लुकलुकत्या प्रकाशाने झटका येण्याचा प्रकार अपस्माराच्या फार थोड्या रुग्णांत आढळतो, आणि तुझा ईईजी, म्हणजे मेंदूतील विद्युतलहरींचा आलेख, काढताना डोळ्यांसमोर प्रकाश चमकवून त्याची तपासणी बहुधा झालेलीही असेल.

महाविद्यालय निवडताना नावापेक्षा अंतर पाहा. बार कौन्सिल ऑफ इंडिया या वकिलांच्या नियामक संस्थेच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांप्रमाणे प्रत्येक विषयाला ७० टक्के उपस्थिती लागते आणि अपवादात्मक कारण असल्यास ती ६५ टक्क्यांपर्यंत शिथिल होऊ शकते. निरोगी विद्यार्थी ही अट हसण्यावारी नेतात. तुला तसे करून चालणार नाही, कारण आजारपणाचे चार-सहा दिवस अचानक जातील तेव्हा हाताशी शिल्लक असावी लागेल. पहाटे उठून दीड तास बसने जायचे आणि रात्री परतायचे असे महाविद्यालय कितीही नामांकित असले तरी तुझ्यासाठी ते वाईट महाविद्यालय आहे. निदानाची कागदपत्रे, ईईजी-एमआरआयचे अहवाल आणि औषधांच्या चिठ्ठ्या यांची एक फाइल आतापासून कर. पहिल्याच सत्रात प्राचार्यांना लेखी पत्र देऊन आजाराची नोंद करून ठेव आणि त्या पत्राची पोच घे. परीक्षेच्या दिवशी काही घडले, तर नंतर केलेल्या अर्जापेक्षा आधी दिलेले पत्र अधिक उपयोगी पडते.

दिव्यांगांच्या सवलती आपल्याला मिळतील का, असे तू विचारले आहेस. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या अनुसूचीत एकवीस प्रकार आहेत. त्यांत अपस्माराचे स्वतंत्र नाव नाही, ‘दीर्घकालीन चेताविकार’ असा गट मात्र आहे. आरक्षणासाठी ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते, आणि औषधांनी झटके आटोक्यात असलेल्या तुझ्यासारख्या व्यक्तीने त्याच्या आशेवर बेत आखू नयेत, असे माझे मत आहे. सवलत आणि सोय या मात्र दोन निराळ्या गोष्टी आहेत. ‘विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग’ या फेब्रुवारी २०२१ च्या निकालात लिहिताना हात आखडणाऱ्या एका परीक्षार्थीला सर्वोच्च न्यायालयाने लेखनिक मिळवून दिला, तोही ४० टक्क्यांची अट पूर्ण होत नसताना. हा निकाल मूळ इंग्रजीत वाच. कायद्यात मन रमेल की नाही याची परीक्षा कुठल्याही अभिरुची चाचणीपेक्षा अशा वाचनाने चांगली होते. पाने उलटताना कंटाळा आला तरी ‘मग पुढे न्यायालय काय म्हणाले’ हे कुतूहल टिकले, तर अर्ज भर.

आता दुसरा प्रश्न, आणि तोच अधिक कठीण आहे. झोप अपुरी होणे आणि गोळी चुकणे, ही झटका येण्याची दोन सर्वांत नेहमीची कारणे आहेत; नेमक्या याच दोन गोष्टी आमच्या वकिलीच्या व्यवसायात, विशेषतः ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली काम शिकण्याच्या, म्हणजे ज्युनिअरशिपच्या काळात, सहज घडतात. सकाळी बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, पाहायचा, फायली घेऊन न्यायालयात उभे राहायचे, पुकारा होईपर्यंत जेवण लांबवायचे, संध्याकाळी सीनियरच्या कार्यालयात अशिलांच्या भेटी, आणि त्यानंतर उद्याच्या अर्जाचे टंकलेखन, असा दिवस रात्री दहाच्या आत क्वचितच संपतो. याला आमच्याकडे मेहनत म्हणून मिरवले जाते. माझ्या मते त्यातले निम्मे जागरण अव्यवस्थेचे असते, कारण जे काम दुपारी मोकळ्या वेळात होऊ शकते ते रात्रीवर ढकलण्याची सवय सीनियरला असते आणि ज्युनिअर ती मुकाट्याने उचलतो. म्हणून सीनियर शोधताना त्याचे नाव किती मोठे आहे यापेक्षा त्याचे कार्यालय किती वाजता बंद होते, हे तुला आधी विचारावे लागेल. हा प्रश्न विचारण्यात संकोच मानू नकोस. मानधनही त्याच भेटीत विचार. ज्युनिअरला शहरी भागात दरमहा २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत अशी शिफारस बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये केली, पण ती बंधनकारक नाही, आणि तालुक्याच्या ठिकाणी ती पाळली जाईल असे गृहीत धरून घरखर्चाचा हिशेब करू नकोस.

वकिली म्हणजे फौजदारी खटल्यातील उलटतपासणी, असे चित्र तुझ्या पत्रात दिसते. जामिनाचे अर्ज, रिमांड, अवेळी येणारे पोलीस ठाण्यातील फोन, हे फौजदारी कामाचे स्वरूप आहे आणि ते तुझ्या झोपेला मानवणारे नाही. पण मालमत्तेच्या हक्कांचा शोध घेऊन अहवाल देणे, दस्तांचे मसुदे करणे, ग्राहक आयोगापुढील तक्रारी, वारसा आणि वाटणीचे दावे, महसुली अपिले, यांतील बरेचसे काम टेबलावर होते आणि त्याच्या तारखा बहुधा आधी ठाऊक असतात. आपल्याकडे जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे, आणि स्वच्छ, निःसंदिग्ध मराठीत वादपत्र, म्हणजे दाव्याचा मूळ अर्ज, लिहिणारे वकील फार थोडे आहेत. तुझे पत्र वाचून सांगते, ही तुझी जमेची बाजू आहे. प्रवासाचा विचार मात्र आताच कर. वाहन चालवण्याच्या परवान्यासाठी द्याव्या लागणाऱ्या स्वयंघोषणेत अपस्माराविषयी थेट प्रश्न असतो. तिथे खोटे लिहायचे नाही आणि स्कूटरवर बसायचे नाही. तेव्हा चार तालुक्यांची न्यायालये फिरण्यापेक्षा घर, कार्यालय आणि न्यायालय एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर असतील असे एकच ठिकाण निवडावे.

न्यायाधीश होण्याची इच्छा तू शेवटच्या ओळीत, जवळजवळ क्षमा मागत लिहिली आहेस. २० मे २०२५ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. तो अनुभव वकील म्हणून झालेल्या तात्पुरत्या नोंदणीच्या तारखेपासून मोजायचा, आणि त्याचे प्रमाणपत्र तिथल्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याने किंवा दहा वर्षे वकिली झालेल्या अधिवक्त्याने, त्या अधिकाऱ्याच्या पृष्ठांकनासह (दुजोऱ्याच्या सहीसह), द्यायचे, असे त्यात म्हटले आहे. पूर्णवेळ पगारी नोकरी करणाऱ्याला वकिली करता येत नाही, हा बार कौन्सिलचा नियम आहे. म्हणून कंपनीच्या विधी विभागात आधी नोकरी आणि मग न्यायाधीशाची परीक्षा असा क्रम लावलास, तर नोकरीची वर्षे वकिलीत मोजली जाणार नाहीत. जाहिरात निघेल तेव्हा ही अट कोणत्या शब्दांत आहे ते तपास. नेमणुकीपूर्वी वैद्यकीय तपासणी होते हे खरे आहे, पण केवळ दृष्टिहीन आहे म्हणून कोणालाही न्यायिक सेवेतून वगळता येणार नाही, असे याच न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये सांगितले आहे. तेव्हा ही इच्छा आतापासून खोडून टाकण्याचे कारण मला दिसत नाही.

वडिलांचा आग्रह मला अवास्तव वाटत नाही. औषधे रोजची आहेत, न्यूरॉलॉजिस्टची फी आहे, आणि नियमित पगाराची नोकरी त्यांना यात आधार वाटते. मात्र बँक आणि कायदा या एकमेकांविरुद्धच्या वाटा नाहीत, हे त्यांना सांग. सरकारी बँकांमध्ये विधी अधिकाऱ्यांची भरती होते आणि त्यासाठी विधी पदवीबरोबर वकील म्हणून नोंदणीही लागते. नोकरी करत पत्राद्वारे एलएलबी करावे असे कोणी सुचवले, तर ऐकू नकोस. तशा पदवीवर सनद मिळत नाही. पैशांची अडचण खरोखर मोठी असेल, तर आधी एक-दोन वर्षे नोकरी करून, थोडी पुंजी जमवून मग प्रवेश घेणे हाही सन्मानाचा मार्ग आहे, आणि तीन वर्षांचा अभ्यासक्रम तोपर्यंत कुठे पळून जात नाही.

गोळ्यांमुळे शब्द पटकन आठवत नाहीत, असे तू लिहिले आहेस, त्यावरून तुला आपली बुद्धीच मंद होत चालल्याची शंका आली आहे. टोपिरामेटसारख्या काही औषधांचा असा परिणाम होतो हे ज्ञात आहे, आणि मात्रा किंवा औषध बदलून तो कमीही करता येतो. पण तो निर्णय डॉक्टरांचा आहे. प्रवेश परीक्षेच्या आदल्या आठवड्यात डोके हलके राहावे म्हणून स्वतःच गोळी कमी करणारी मुले मी ऐकून आहे. असे कधीही करू नकोस, कारण औषध एकदम थांबवल्याने सलग झटके येण्याचा धोका असतो. गोळ्या चालू असतानाही ‘आता हे कसे जमायचे’ याची चिंता रात्रभर छळत असेल, तर तीही डॉक्टरांच्या कानावर घाल. अपस्माराबरोबर नैराश्य आणि चिंताविकार बऱ्याचदा आढळतात आणि त्यांवर उपचार आहेत. ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही सरकारी दूरध्वनी सेवाही विनामूल्य आहे.

आजार किती जणांना सांगावा, यावर माझे उत्तर ठरलेले आहे : सर्वांना सांगण्याची गरज नाही, पण वर्गातल्या एका मैत्रिणीला, वसतिगृहाच्या अधीक्षिकेला आणि पुढे सीनियरला सांगितलेच पाहिजे. त्यांना चार वाक्ये शिकवून ठेव. कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ काही ठेवावे, तोंडात चमचा घालू नये आणि नाकाला कांदा किंवा चप्पल लावू नये, झटका पाच मिनिटांहून अधिक चालला तर थेट रुग्णालयात न्यावे. हे ऐकून एखादा सीनियर कचरला, तर तो पहिल्याच दिवशी कळला हे बरेच.

अर्जाची मुदत संपण्याआधी तीन कामे कर. न्यूरॉलॉजिस्टची वेळ घेऊन जागरण, पडदा, विस्मरण आणि पुढे लग्न व मूल यांचा विचार करता आताचे औषध योग्य आहे का, हे चार प्रश्न कागदावर लिहून विचार. शेवटचा प्रश्न संकोचाने टाळू नकोस, कारण सोडियम व्हॅल्प्रोएट चालू असेल तर ते गर्भाला अपायकारक ठरू शकते आणि बदल बराच आधी करावा लागतो. तुझ्या जिल्हा न्यायालयात एखाद्या दिवाणी न्यायालयाच्या मागच्या बाकावर आठवडाभर जाऊन बस. खुल्या न्यायालयात कोणालाही बसता येते. आणि विकास कुमारचा निकाल वाचून त्यातला जो मुद्दा तुला पटला नाही, तो मला एका पानात लिहून पाठव. अर्जाचे आपण त्यानंतर बोलू.

तुझी हितचिंतक