अमेरिकेतल्या सरकारी शाळांना विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी पैसे कुठून येतात? शाळा ‘बजेट नाही’ म्हणाली तर?

तुमचा मुलगा पहिलीत आहे, ऑटिझमचं निदान झालंय, तुम्ही अलीकडेच अमेरिकेत आलात आणि त्याचा आयईपी (त्याच्या गरजांनुसार शाळेने आखलेला वैयक्तिक शिक्षण आराखडा) तयार झालाय. वर्गात त्याच्यासाठी स्वतंत्र एड, म्हणजे मदतनीस, मागितली तर शाळेतून ‘बजेट नाही’ असं तोंडी उत्तर मिळालं. ओळखीचे लोक मात्र सांगतायत की अशा प्रत्येक मुलामागे शाळेला सरकारकडून घसघशीत रक्कम मिळते आणि ती दुसरीकडे वळवली जाते. यातलं खरं काय, आणि आपण जास्त मागितलं तर इतर मुलांच्या वाट्याचं घेतो का, असं तुम्ही विचारलंय.

तुमच्या मुलाच्या नावाने वॉशिंग्टनहून, म्हणजे केंद्र सरकारकडून, कुठलाही चेक निघत नाही, म्हणजे ओळखीच्यांचं म्हणणं बरोबर नाही. आणि त्याला काय मिळायला हवं हे शाळेच्या तिजोरीकडे बघून ठरवायला कायद्याने मनाई आहे, म्हणजे शाळेचं उत्तरही बरोबर नाही. माझ्या मुलीचा आयईपी प्रीस्कूलपासून आहे, आता ती हायस्कूलला आहे. आमच्या डिस्ट्रिक्टच्या (भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेच्या) पालक समितीवर असल्यामुळे दर वर्षी बजेटची फाइल पहिल्या पानापासून वाचते, त्यावरून लिहितेय.

इथल्या शाळांचा खर्च ढोबळमानाने निम्म्याच्या आसपास राज्य उचलतं आणि जवळपास तेवढाच स्थानिक कर, मुख्यतः घरांवरचा प्रॉपर्टी टॅक्स. फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचा वाटा साधारण दहा टक्क्यांच्या घरात. घरांच्या किमती जास्त असलेल्या गावाची शाळा सधन आणि शेजारच्या गावाची ओढगस्तीची, हे चित्र त्यातूनच येतं. १९७३ साली सॅन अँटोनियोचा खटला सुप्रीम कोर्टात गेला, तेव्हा कोर्टाने शिक्षण हा फेडरल राज्यघटनेतला मूलभूत हक्क नाही असं सांगून ही रचना राहू दिली. विशेष शिक्षणाचा डोलारा याच असमान जमिनीवर उभा आहे.

१९७५ पर्यंत तर दहा लाखांहून जास्त अपंग मुलं सरकारी शाळांच्या बाहेरच होती. ‘आमच्याकडे सोय नाही’ म्हणून आईवडिलांना सरळ परत पाठवत. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी कायद्यावर सही केली आणि प्रत्येक अपंग मुलाला मोफत आणि योग्य शिक्षण देणं शाळांना बंधनकारक झालं. हाच कायदा १९९० पासून आयडीईए म्हणून ओळखला जातो. जास्तीच्या खर्चाला हातभार म्हणून देशातल्या प्रत्येक विद्यार्थ्यामागच्या सरासरी खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंतची रक्कम फेडरल सरकार दर अपंग मुलामागे देईल, असं काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, तेव्हा म्हटलं. ते आजतागायत एकदाही पाळलेलं नाही. २००९ च्या मंदीत स्टिम्युलसचे (अर्थव्यवस्था सावरण्यासाठीचे) पैसे आले तेव्हा वाटा एक-तृतीयांशापर्यंत गेला होता, त्यातल्या त्यात जवळ पोचलेलं ते एकच वर्ष. अलीकडे तो १२ टक्क्यांच्या आसपास असतो. दोन्ही पक्षांची सरकारं आली आणि गेली, आकडा तिथेच घुटमळतोय. मला या सगळ्या प्रकरणात सर्वात जास्त चीड याची येते, कारण हक्क देणारे वेगळे आणि बिल भरणारे वेगळे झाले, आणि मधल्या मध्ये आईबाप आणि शिक्षक एकमेकांसमोर उभे केले गेले.

जे थोडे फेडरल पैसे येतात तेही तुमच्या मुलाकडे बघून येत नाहीत. १९९७ च्या दुरुस्तीनंतर मूळ रकमेच्या वरचा जो निधी वाटला जातो, त्यातला ८५ टक्के राज्यातल्या त्या वयोगटातल्या एकूण मुलांच्या संख्येवर आणि १५ टक्के गरिबीत राहणाऱ्या मुलांच्या संख्येवर. आयईपी किती मुलांचे आहेत हे त्यात मोजत नाहीत. शाळांनी पैशासाठी मुलांवर शिक्के मारू नयेत, हा त्यामागचा विचार.

राज्यांचे पैसे कसे येतात हे प्रत्येक राज्यात वेगळं. काही राज्यं साध्या विद्यार्थ्याला एक धरून विशेष विद्यार्थ्याला त्याहून जास्त वजन देतात, काही ठिकाणी गरजेच्या पातळीनुसार वजनं बदलतात. कॅलिफोर्नियात १९९८ पासून डिस्ट्रिक्टच्या एकूण हजेरीवर निधी ठरतो, विशेष मुलं कमी असोत की जास्त. विस्कॉन्सिनमध्ये डिस्ट्रिक्ट आधी खर्च करतं आणि राज्य पुढच्या वर्षी त्यातला काही भाग परत करतं. बरीच वर्षं तो एक-तृतीयांश किंवा त्याहूनही कमी होता. मॅसॅच्युसेट्समध्ये एखाद्या मुलाचा खर्च फारच वर गेला, तर ठरावीक मर्यादेपलीकडच्या रकमेचा ७५ टक्क्यांपर्यंत भार राज्य उचलतं. ही पद्धत मला सर्वात माणुसकीची वाटते.

राज्याच्या अशा मदतीची गरज लहान डिस्ट्रिक्टमध्ये कळते. आमच्या बजेटच्या सुनावणीत एकदा एका गृहस्थांनी विचारलं, ‘विशेष वाहतुकीचा आकडा एका वर्षात एवढा कसा फुगला?’ फायनान्सवाल्या बाईंनी शांतपणे सांगितलं की एक मूल अशा शाळेत जातंय जी डिस्ट्रिक्टच्या बाहेर आहे. त्याच्यासाठी व्हीलचेअरची लिफ्ट असलेली वेगळी गाडी, एक ड्रायव्हर आणि सोबतीला एक मदतनीस, रोज दोन्ही वेळा. शाळेची फी वेगळ्या ओळीत. हे सगळं एका मुलाचं, आणि ते कुटुंब राहायला आलं तेव्हा बजेट मंजूर होऊन गेलेलं. हा फरक डिस्ट्रिक्ट आपल्या सर्वसाधारण निधीतून भरतं. म्हणून तुमच्या शाळेतल्या बाई ‘पैसे नाहीत’ म्हणाल्या त्यात त्या खोटं बोलत होत्या असं मी समजणार नाही. १९९९-२००० मधल्या राष्ट्रीय पाहणीत विशेष शिक्षण घेणाऱ्या मुलाचा सरासरी खर्च इतर मुलाच्या १.९ पट निघाला होता, आणि सरासरीच्या वर असलेली मुलं किती वर जातात याला मर्यादा नाही.

पण कायदा इथे अगदी ठाम आहे. १९७२ मध्येच वॉशिंग्टन डीसीच्या शाळांनी कोर्टात निधीची अडचण सांगितली होती. कोर्टाने सांगितलं की पैसे कमी असतील तर जे आहेत ते न्याय्य रीतीने वाटा, कमतरतेचा भार अपंग मुलांवर जास्त पडता कामा नये. १९९९ मध्ये आयोवातल्या सीडर रॅपिड्सच्या खटल्यात एक मुलगा व्हेंटिलेटरवर होता आणि शाळेच्या पूर्ण वेळात त्याच्याजवळ नर्सिंगची मदत लागत होती. डिस्ट्रिक्टचं म्हणणं, हे परवडत नाही. सुप्रीम कोर्टाने ७ विरुद्ध २ मतांनी निकाल दिला की खर्चाच्या मुद्द्यावर ही सेवा नाकारता येणार नाही. २०१७ च्या एंड्र्यू एफ. खटल्यात, मुलगा कसाबसा वर्गात बसलाय एवढं पुरत नाही, त्याच्या परिस्थितीला साजेशी प्रगती होईल असा आयईपी हवा, असं कोर्टाने एकमताने सांगितलं.

इतर मुलांच्या वाट्याचं घेतो का, या प्रश्नाने मलाही सुरुवातीला खूप छळलंय. तुमच्या मुलाचं शिक्षण आणि शेजारच्या बाकावरच्या मुलाचं शिक्षण ही शाळेची एकाच दर्जाची जबाबदारी आहे. तूट आहे ती वॉशिंग्टनमध्ये आणि राज्याच्या विधिमंडळात तयार झालेली. ती तुम्ही पहिलीतल्या मुलाच्या तासांमधून भरून द्यायची नाही.

मागणी दाबली की काय होतं ते टेक्सासने दाखवलंय. तिथल्या शिक्षण खात्याने २००४ मध्ये ८.५ टक्के विद्यार्थ्यांचं एक प्रमाण ठरवलं. त्याहून जास्त मुलांना विशेष शिक्षण देणाऱ्या डिस्ट्रिक्टकडे संशयाने बघितलं जाऊ लागलं. बारा टक्क्यांच्या जवळ असलेलं प्रमाण काही वर्षांत साडेआठवर आलं. मुलांच्या गरजा काही कमी झाल्या नव्हत्या, त्यांची दारं बंद झाली होती. २०१६ मध्ये ह्यूस्टन क्रॉनिकलने हे उघड केलं आणि २०१८ च्या जानेवारीत फेडरल शिक्षण खात्याने कायदा मोडल्याचा ठपका ठेवला.

शाळेकडून कदाचित मेडिकेडच्या (कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याच्या) संमतीचं पत्र येईल. स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी अशा आयईपीतल्या सेवांचे पैसे शाळा पात्र मुलांच्या मेडिकेडमधून घेऊ शकते, १९८८ पासून ही सोय आहे. पत्र नीट वाचा. सही केली नाही तरी सेवा थांबवता येत नाही, आणि तुमच्या खिशाला त्याची झळ लागता कामा नये. तुमच्या खासगी विम्यालाही शाळेने तुमच्या परवानगीशिवाय हात लावायचा नाही. व्हिसा कोणता यावरून शाळेला मुलाला नाकारता येत नाही, हे १९८२ पासून स्पष्ट आहे.

आता एडबद्दल. माझं मत विचाराल तर मीटिंगमध्ये पैशाचा विषय तुम्ही काढूच नका, आणि त्यांनी काढला तर त्यावर वाद घालू नका. मुलाच्या गरजेवर बोला. दिवसातल्या कोणत्या वेळी तो वर्ग सोडून पळतो, कोणत्या कामात हात टेकतो, जेवणाच्या सुट्टीत काय होतं, याची नोंद शिक्षकांकडून मागा. हेही मोकळेपणाने ऐका की दिवसभर चिकटून बसलेली एड कधीकधी मुलाचं नुकसान करते. माझ्या मुलीच्या वर्गातली मुलं तिच्याशी न बोलता तिच्या एडशीच बोलायला लागली होती. मग एडचे तास फक्त गणित आणि मैदान एवढ्यावर आणले आणि ती स्वतः तोंड उघडू लागली. तुमच्या मुलाला पूर्ण दिवस लागेलही, पण ते नोंदींमधून ठरू द्या.

नकार आलाच तर तो लेखी मागा. इथे त्याला प्रायर रिटन नोटिस म्हणतात आणि ती देणं शाळेला बंधनकारक आहे. काय नाकारलं, का नाकारलं, कोणत्या तपासण्यांच्या आधारे, आणि दुसरे कोणते पर्याय विचारात घेतले, हे सगळं तिच्यात लिहावं लागतं. ‘पैसे नाहीत’ हे कारण कागदावर टिकत नाही हे स्पेशल एज्युकेशनच्या डायरेक्टरना चांगलं ठाऊक असतं, त्यामुळे तोंडी नकार लेखी द्यायची वेळ आली की बहुतेकदा पुन्हा मीटिंग लागते. त्याच संध्याकाळी दोन ओळींचा ईमेल करा: आजच्या बैठकीत अमुक मागणी नाकारली गेली, कृपया नोटिस पाठवावी.

बजेटची लढाई वेगळ्या ठिकाणी लढायची. वसंत ऋतूत स्कूल बोर्डाच्या सभा होतात, तिथे शेजारच्या पालकांना घेऊन जा. फेडरल पैसे घेणाऱ्या डिस्ट्रिक्टला विशेष शिक्षणावरचा राज्याचा आणि स्थानिक खर्च, काही मोजके अपवाद सोडले, तर आदल्या वर्षीपेक्षा कमी करता येत नाही. तेव्हा त्या ओळीत कपात दिसली की हात वर करून कारण विचारा.

नोटिस आली आणि पटली नाही तर राज्याच्या शिक्षण खात्याकडे लेखी तक्रार करता येते. घटना एका वर्षाच्या आतली हवी, वकील लागत नाही, आणि खात्याला साधारणपणे ६० दिवसांत निर्णय द्यावा लागतो. प्रत्येक राज्यात फेडरल निधीवर चालणारं पालक माहिती केंद्र असतं, ते मसुदा लिहायला विनामूल्य मदत करतात. तुम्ही कुठल्या राज्यात आहात ते खाली लिहिलंत तर तिथलं निधीचं सूत्र मी वाचून सांगेन.