२०१७ चं ग्राफिक्स कार्ड आणि १८ हप्ते

प्रश्न: माझ्याकडे २०१७ मध्ये घेतलेलं जीटीएक्स १०८० टीआय आहे. २०२१ मध्ये एका मित्राने ते जवळपास खरेदीच्याच किमतीला मागितलं होतं, मी दिलं नाही. आता तोच मित्र त्या किमतीच्या सहाव्या हिश्श्याला मागतोय. देऊन टाकून १८ महिन्यांच्या बिनव्याजी हप्त्यांवर आरटीएक्स ५०६० घेऊ, की भाव वाढेपर्यंत थांबू? प्रोसेसर सातव्या पिढीचा आय७. रोज संध्याकाळी दोनेक तास खेळतो, बहुतेक जुनेच गेम.

उत्तर: भाव वाढायची वाट पाहू नका. २०२१ चा तो आकडा तुमच्या कार्डाचा नव्हताच. तेव्हा चिपांचा तुटवडा होता, आणि लोक अशी कार्डं रात्रंदिवस जुंपून 'इथर' हे आभासी चलन कमावत होते, यालाच मायनिंग म्हणतात. नवं मिळेना, म्हणून जुन्याला भाव आला. १५ सप्टेंबर २०२२ ला इथर ज्यावर चालतं त्या इथेरियम नेटवर्कने मायनिंगच बंद केलं आणि ती मागणी संपली. 'मागच्या भावाला आला की विकतो' म्हणत पडलेला शेअर धरून बसणारे माझ्याकडे नेहमी येतात. त्यांचा शेअर निदान कधीतरी वर येऊ शकतो.

पण म्हणून कार्ड भंगारात जमा झालं असंही नाही. त्याची ११ जीबी मेमरी आजही कामाची आहे आणि जुने गेम ते आरामात ओढतं. मित्र देतोय त्यापेक्षा तुमच्यासाठी त्याची किंमत जास्त आहे, कारण ते गेलं की तेवढंच काम करणारं दुसरं तुम्हाला त्या पैशात मिळणार नाही.

त्याची उतरण मात्र ठरलेली आहे. एनव्हिडियाने या पिढीसाठी नव्या गेमांचे ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवले. सुरक्षेचे अपडेट ऑक्टोबर २०२८ पर्यंत येत राहतील. रे ट्रेसिंगचं (गेममध्ये खऱ्यासारखा प्रकाश दाखवण्याचं) हार्डवेअर यात नाही, त्यामुळे 'डूम: द डार्क एजेस'सारखे काही गेम सुरूच होणार नाहीत. तुम्ही ते खेळत नसाल, तर सध्या काही अडत नाही.

आता नव्या कार्डाकडे वळू. तुमचा खरा खर्च इथे लपलाय. ५०६० वेगवान आहे, पण त्याची मेमरी ८ जीबी, म्हणजे पैसे मोजून तुम्ही ३ जीबी गमावणार. शिवाय हे कार्ड मदरबोर्डाशी आठच लेननी, म्हणजे माहिती ये-जा करायच्या वाटांनी, बोलतं. नव्या बोर्डावर ते पुरतं. तुमचा बोर्ड पीसीआयई ३.० चा (कार्ड जोडायच्या खाचेची जुनी आवृत्ती), तिथे प्रत्येक लेनचा वेग नव्या ५.० च्या चौथाई. कार्डाची मेमरी भरली की जादा माहिती याच वाटांनी ये-जा करणार आणि गेम अडखळणार. मग तुम्ही म्हणाल, बोर्ड बदलू. बोर्ड बदलला की प्रोसेसर आला, रॅम आली. तुमचा प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बहुधा नाही आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे ही ओढ आणखी वाढेल. एका कार्डाचे हप्ते सहाव्या महिन्यात अख्ख्या मशीनचे झालेले मी पाहिलेत.

'बिनव्याजी' या शब्दावरही जाऊ नका. दुकानदाराला विचारा, रोख दिले तर किती कमी कराल? ती सूट म्हणजेच तुमचं व्याज, आणि प्रोसेसिंग फी वर. विजेच्या बचतीचं कारण तर सोडूनच द्या: २५० वॉटऐवजी १४५, रोज दोन तास पूर्ण ताणावर धरले तरी वर्षाचे ७७ युनिट. तेवढ्याने हप्ता निघत नाही.

माझं मत: कार्ड ठेवा, हप्ता घेऊ नका. हप्त्याएवढीच रक्कम १८ महिने वेगळ्या खात्यात टाका. ती नियमित जाते का, हे तिसऱ्या महिन्यात कळेल. जात नसेल तर हप्ताही झेपला नसता. साठलेल्या पैशात एकदम प्लॅटफॉर्म बदला: बोर्ड, प्रोसेसर, रॅम, आणि निदान १२ जीबीचं कार्ड. दरम्यान मशीन विंडोज १० वर असेल, तर त्यावर बँकेचे व्यवहार करू नका.

तोवर कार्ड उघडून धूळ काढा, थर्मल पेस्ट (चिपची उष्णता बाहेर न्यायला मदत करणारा लेप) बदलून घ्या. वाळलेल्या पेस्टमुळे कार्ड तापतं, वेग आपोआप उतरतो आणि माणसाला वाटतं कार्ड म्हातारं झालं. मूळ बिल आणि खोकं सापडलं तर जपून ठेवा. हे कार्ड मायनिंगला जुंपलं होतं का, असं घेणारा विचारणारच. पंखा खरखरत असेल तर तोही आत्ताच बदला, नाहीतर मित्र ती खरखर ऐकूनच सहाव्याऐवजी आठवा हिस्सा देऊ करेल.