पागेतले प्रश्न : तांबड्याचा पांढरा

प्रश्न : डॉक्टरबाई, आमची नऊ वर्षांची घोडी कुम्मेत आहे, म्हणजे अंग तपकिरी आणि आयाळ, शेपूट, पाय काळे. गेल्या वैशाखात अकरा हजार रुपये मोजून ती एका पांढऱ्याशुभ्र घोड्याकडून फळवून आणली. यंदा चैत्रात, जोतिबाच्या यात्रेच्या आठवड्यात व्याली. मादी शिंगरू आहे, पण रंग लालसर तपकिरी, पाय पहिल्या दिवसापासून काळे, कपाळावर टिळा आणि मागचा एक पाय खुरापासून वीतभर पांढरा. वडील म्हणतात, आपल्याला फसवलं, दुसराच घोडा लावला. घोडेवाला म्हणतो, थांबा, पांढरं होईल. खरं कोणाचं? आणि विम्याच्या कागदावर रंग काय लिहायचा? तीन फोटो पाठवले आहेत.
— एक वाचक, कागल तालुका

उत्तर : आधी वडलांना भांडायला जाण्यापासून थांबवा. तुमचा तिसरा फोटो, नारिंगी म्होरकी घातलेला, मोठा करून बघा. डावा डोळा. वरच्या पापणीच्या कडेला आणि डोळ्याखालच्या खळग्यात राखी केसांची एक बारीक रेघ दिसते, चष्म्याच्या काडीएवढी. उन्हाची तिरीप असेल म्हणून मी उजव्या डोळ्याचा फोटोही पाहिला. तिथेही आहे. उद्या सकाळी शिंगराला सावलीत उभं करा, घरच्या कुणाला तरी डोकं धरायला सांगा आणि पापणीवरचे केस बोटाने उलटे फिरवून बघा. मुळाशी पांढरे असतील तर तुमचं शिंगरू सब्जा होणार. आपण ज्याला पांढरा घोडा म्हणतो तो बहुतेक वेळा सब्जाच असतो. जन्मताना काळा, तांबडा, तपकिरी, काहीही असतो आणि वर्षागणिक पांढरा होत जातो. कोल्हापूरकरांना समजेल असं सांगायचं तर ताटात आधी तांबडा येतो, पांढरा मागाहून.

आता पाय. कुम्मेत आईचं साधं कुम्मेत शिंगरू जन्मतं तेव्हा त्याचे पाय सहसा काळे नसतात, मातकट फिकट असतात. तीन-चार महिन्यांनी जन्माची लव झडते तेव्हा काळे केस वर येतात. तुमच्या शिंगराचे पाय पहिल्या दिवसापासून काळे होते असं तुम्ही लिहिता. पुढे सब्जी होणारी शिंगरं पुष्कळदा अशीच, थोरल्या घोड्यासारखा गडद रंग घेऊन येतात. नेमकं तेच बघून लोक म्हणतात, याच्यात पांढऱ्याचा अंशही नाही!

हे आतून कसं चालतं ते सांगते, कारण तुमच्या वडलांचा संशय तिथेच फिटेल. घोड्याला गुणसूत्रांच्या 32 जोड्या असतात. प्रत्येक जोडीतलं एक आईकडून, एक बापाकडून. मूळ रंग मुख्यतः दोन जनुकं ठरवतात. एक म्हणतं, काळा रंग करता येतो की नाही. दुसरं, अगूटी, म्हणतं की तो काळा अंगभर पसरू द्यायचा की आयाळ, शेपूट आणि पायांपुरता ठेवायचा. काळा येतो पण आवरून ठेवलेला, तो कुम्मेत. काळा येतो आणि आवरणारं कोणी नाही, तो मुश्की. काळा मुळी येतच नाही, तो सुरंग, आयाळ-शेपटीसकट तांबूस. सब्ज्याचं जनुक या दोघांच्या डोक्यावर बसतं. ते मूळ रंग बदलत नाही, केसांतला रंग हळूहळू संपवून टाकतं. पंचविसाव्या गुणसूत्रावर डीएनएचा सुमारे 4,600 अक्षरांचा एक तुकडा दुबार झालाय, एवढीच ती भानगड. स्वीडनमधल्या उप्सालाच्या संशोधकांनी 2008 साली ती शोधली आणि असंही दाखवलं की जगभरचे सब्जे हजारो वर्षांपूर्वीच्या एकाच पूर्वजाकडून हा वारसा घेऊन आलेत.

हे जनुक प्रबळ आहे. म्हणजे एक प्रत असली तरी घोडा सब्जा होतोच, ते लपून राहत नाही. तुमच्या घोडीचं वय नऊ आणि ती अजून कुम्मेत, म्हणजे तिच्याकडे ती प्रत नाही. मग शिंगराच्या पापणीवर पांढरं आलं कुठून? बापाकडूनच. वडील जो पुरावा घेऊन भांडायला निघालेत, तोच घोडेवाल्याच्या बाजूने बोलतोय. अर्थात बाप सब्जा होता एवढंच यावरून कळतं. तो तुम्हाला दाखवलेलाच सब्जा होता की शेजारच्या दावणीचा, हे पापणी सांगणार नाही. त्याला आई, बाप आणि शिंगरू तिघांच्या शेपटीचे केस मुळासकट उपटून प्रयोगशाळेत द्यावे लागतात. कापलेले केस चालत नाहीत, माल मुळात असतो. अकरा हजारांसाठी एवढं करायचं का, ते तुम्ही ठरवा. मी तुमच्या जागी असते तर केलं नसतं.

आणि समजा पापणी उलटल्यावर पांढरं काहीच निघालं नाही, तरी लगेच फसवणूक म्हणू नका. बापाकडे सब्ज्याची एकच प्रत असेल तर निम्मी शिंगरं सब्जी, निम्मी नाहीत. छापा-काटाच तो. घोडेवाल्याला एवढंच विचारा की त्या घोड्याची आजवरची सगळी पिल्लं पांढरी झाली का. दहा-बारा पिल्लांत एकही रंगीत राहिलं नसेल तर त्याच्याकडे दोन्ही प्रती असाव्यात, आणि मग तुमचं रंगीत राहिलेलं शिंगरू त्याचं नाही असं म्हणायला जागा आहे. फोटोतल्या त्या घोड्याची नाकपुडी आणि डोळ्यांच्या कडा काळ्या आहेत हेही मी पाहिलं. म्हणजे तो नुकरा नव्हे. नुकरा जन्मतःच पांढरा आणि कातडी गुलाबी. बाजारात दोघांना एकाच भावात एकाच नावाने खपवणारे दलाल आहेत, म्हणून सांगितलं.

किती वर्षांत पांढरी होईल? साधारण सहा ते आठ. मधे लोखंडी राखाडी, मग अंगावर चंद्रासारखे गोल चट्टे. काही सब्जे मात्र म्हातारपणापर्यंत राखाडीच राहतात. 2024 मध्ये त्याचंही कारण छापून आलं. डीएनएचा तो तुकडा दोनदा असेल तर रंग सावकाश जातो, तीनदा असेल तर झपाट्याने.

आता विम्याचा कागद. इथे माझीच चूक सांगते. नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. गडहिंग्लजकडच्या एका शेतकऱ्याचं चार महिन्यांचं शिंगरू तपासलं आणि दाखल्यावर ठसठशीत अक्षरात लिहिलं, ‘कुम्मेत’. पापणी बघायचं सुचलंच नाही. टांगेवाल्याची मुलगी मी, वडलांनी हजारदा दाखवलेलं, पण पदवीची हवा डोक्यात. पाच-सहा वर्षांनी तो घोडा पोटशूळाने गेला. दारात मेलेला घोडा पांढरा आणि कागदावर कुम्मेत. त्या गरिबाचे पैसे आठ महिने अडकले. माझ्याकडे आला तेव्हा रागावलासुद्धा नाही, नुसता दाखला पुढे धरून उभा राहिला.

म्हणून असं लिहून घ्या : ‘सध्या कुम्मेत, सब्जा होण्याची चिन्हं डोळ्यांभोवती.’ त्याखाली न बदलणाऱ्या खुणा. कपाळावर, मानेवर, छातीवर भोवरे कुठे आहेत ते काढून दाखवा. भोवऱ्यांच्या शुभ-अशुभावरून किंमत ठरवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, पण ओळख म्हणून भोवरा पक्का, तो जन्मभर जागा सोडत नाही. टिळा आणि मागचा पांढरा पायही लिहा. सगळं अंग पांढरं झाल्यावर ते दिसेनासे होतील, पण त्यांच्याखालची कातडी गुलाबी राहते. आमचा टांग्याचा घोडा कोरडा असताना चारी पाय सारखे. रविवारी वडील त्याला पंचगंगेवर न्यायचे, पाण्यातून बाहेर काढला की मागच्या डाव्या पायात गुलाबी मोजा घातल्यासारखा दिसायचा. केस वाळले की मोजा गायब. मी लहानपणी दर रविवारी तो मोजा उगवायची वाट बघत घाटाच्या पायरीवर बसायची.

आणि तुमच्या मुलीने शिंगराचं नाव ‘तांबडी’ ठेवलंय म्हणता, ते बदलू नका.

प्रश्न : घोडी सुरंग, घोडाही सुरंग, शिंगरू मात्र कुम्मेत म्हणून विकायला आणलंय. घ्यावं का?
— हातकणंगले

उत्तर : शिंगरू आवडलं तर घ्या, वंशावळ मात्र त्या कागदावरून घेऊ नका. सुरंगाकडे काळा रंग करणाऱ्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतात. दोन सुरंगांकडे द्यायला चांगली प्रत नाहीच, तर पिल्लाला काळी आयाळ येणार कुठून? सुरंगाला सुरंगच होतं. तेव्हा एक तर बाप दुसरा, नाही तर मोठ्यांपैकी एकाचा रंग चुकीचा लिहिलाय, नाही तर शिंगरूच कुम्मेत नाही. उन्हाने विटलेला कुम्मेत सुरंगासारखा दिसतो, गुडघ्याखाली आणि शेपटीच्या आतल्या केसांत काळं शोधा. शिंगरू लहान असेल तर लव झडेपर्यंत थांबा.

प्रश्न : आमचा वरातीचा पांढरा घोडा 17 वर्षांचा आहे. शेपटीखाली लिंबाएवढ्या दोन काळ्या गाठी आल्यात. गावातला एक जण डागणी देतो म्हणतो.
— करवीर

उत्तर : डागणी अजिबात नको. त्या गाठी बहुधा रंगपेशींच्या आहेत, मेलॅनोमा. पंधरा वर्षांवरच्या सब्ज्यांमध्ये त्या बहुसंख्य घोड्यांना होतात, शेपटीखाली, गुदाभोवती, ओठांवर. केस पांढरे करणारं तेच जनुक कातडीतल्या रंगपेशींना वाढायला लावतं. जन्मताना मुश्की असलेल्या सब्ज्यांना धोका जास्त. तुमचा कोणत्या रंगाचा जन्मला होता, ते जुन्या मालकाला विचारा. बऱ्याच गाठी वर्षानुवर्षं सावकाश वाढतात, काही मात्र पसरतात. पशुवैद्यांना लवकर दाखवा. लहान असताना काढणं सोपं असतं. तोवर खरारा करताना दर आठवड्याला गाठीशेजारी दोरा धरून माप घ्या आणि तारीख घालून लिहून ठेवा. शेण टाकताना कुंथतो का, गाठ फुटून काळा चिकट द्रव येतो का, याकडे लक्ष असू द्या. आणि लग्नसराईत शेपटीला घट्ट गोंडे बांधता ना, ते यंदा बांधू नका.