कांद्याच्या डेंगळ्याला (फुलाच्या दांड्याला) बी भरत नाही? दुकानात जाऊ नका, आधी बांध बघा

प्रश्न : कांद्याच्या बीजोत्पादनाचा प्लॉट आहे. गोंडे (दांड्यावरचे फुलांचे झुपके) मोठे आले, फुलेही भरपूर, पण गोंडा चोळला तर निम्मी टरफले निघतात. मधमाश्या दिसतच नाहीत. कृषी सेवा केंद्रवाल्याने बोरॉन, टॉनिक, करप्याचे (पाने करपवणाऱ्या बुरशीचे) आणि फुलकिड्यांचे (रस शोषणाऱ्या बारीक किड्यांचे) औषध एकत्र करून मारायला सांगितले आहे. मारू का? (सिन्नर, येवला, देऊळगाव राजा भागातून थोड्याफार फरकाने हाच प्रश्न आला आहे.)

उत्तर : नका मारू. फुले उमललेली असताना कीटकनाशकाचा पंप प्लॉटमध्ये नेऊच नका.

बोरॉन कमी पडल्यामुळे गोंडा पोकळ राहिला, असे फार क्वचित निघते. माती परीक्षणाचा कागद हातात असेल तर बोला, नाहीतर ते पैसे वाचवा. कांद्याच्या फुलात पराग आधी सुटतो आणि त्याच फुलाचे स्त्रीकेसर नंतर तयार होते. म्हणजे एका फुलाचा पराग दुसऱ्या फुलावर कोणीतरी नेऊन टाकावाच लागतो. हा पराग चिकट असतो, वाऱ्याच्या भरवशावर काम होत नाही. एका फुलात जास्तीत जास्त ६ बिया धरतात. माशी पुरेशी फिरली नाही तर त्यातल्या दोन-तीनच भरतात, नाहीतर एकही नाही. टॉनिकने ही उणीव भरून निघत नाही.

मग माश्या गेल्या कुठे? दर वर्षी प्लॉट बघायला गेलो की सगळे हवामानाला दोष देतात. हवामानाचा हात आहे, पण मोठा वाटा आपलाच आहे. फुलोरी माशीचे मोहोळ बांधावरच्या झुडपात असते. ते झुडूप जेसीबीने काढले. सातेरी जुन्या झाडाच्या ढोलीत राहते. ती बाभूळ, तो आंबा तोडून विकला. आग्या मोहोळ विहिरीच्या कपारीत किंवा वडावर दिसले की रात्री टेंभा लावून जाळायचे. काही एकट्या राहणाऱ्या माश्या न नांगरलेल्या जमिनीत बिळे करतात, आणि आपण बांध कोरून कोरून एक फुटावर आणला. उरलेल्या बांधावर तणनाशक. फेब्रुवारीत तुमचा गोंडा दोन-तीन आठवडे फुलणार. बाकीचे अकरा महिने त्या माशीने खायचे काय? बांधावरची एकदांडी तुम्हाला तण वाटते, माशीसाठी ती शिधा आहे.

आता औषधाचे. इमिडाक्लोप्रिड, थायमेथोक्झाम, क्लोथियानिडिन ही आंतरप्रवाही औषधे झाडात भिनतात, परागात आणि मकरंदातही उतरतात. माशी जागेवर मेली नाही तरी पोळ्याकडे परतायची वाट चुकते. युरोपीय संघाने या तिन्हींचा उघड्या शेतातला वापर २०१८ मध्ये बंद केला. आपल्याकडे ती सर्रास मिळतात, म्हणून ती फुलोऱ्यात चालतात असे होत नाही. फिप्रोनिल, क्लोरपायरिफॉस, लॅम्ब्डा सायहॅलोथ्रिन हीही माशीला घातकच, फुलोऱ्यात नकोतच. डबीवरचे पत्रक वाचा. मधमाश्या फिरत असताना फवारू नका, असे अनेक औषधांवर स्पष्ट छापलेले असते. दुकानदार ते वाचून दाखवत नाही, कारण त्याला पुढची डबी विकायची आहे.

त्याहून वाईट म्हणजे मिश्रण. प्रोपिकोनॅझोलसारखे बुरशीनाशक एकटे असताना माशीला फारसे बाधत नाही, पण पायरेथ्रॉइड गटाच्या (वरचे लॅम्ब्डा सायहॅलोथ्रिन याच गटातले) कीटकनाशकाबरोबर गेले की त्या कीटकनाशकाचे विष माशीला जास्त चढते. ‘एकाच फेरीत सगळे आटपा, मजुरी वाचेल’ हा सल्ला मजुरी वाचवतो आणि बी घालवतो. अशी मिश्रणे माणसालाही सोडत नाहीत. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले, ते विसरलात का? ‘पंपाला दोन झाकणे जास्त टाका, फुलकिडे दाद देत नाहीत’ हेही ऐकू नका. जास्त डोसाने आधी ढालकिडा आणि क्रायसोपा मरतात, म्हणजे फुलकिडे खाणारेच मरतात, आणि पंधरा दिवसांत फुलकिडे दुपटीने दिसतात.

फुलकिड्यांचा बंदोबस्त दांडा बाहेर पडेपर्यंतच करायचा. राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाची शिफारस जुनी आहे आणि चालते : प्लॉटभोवती मक्याच्या दोन ओळी आधीच लावून ठेवा, फुलकिडे अडतात. निळे चिकट सापळे लावा. पहिले फूल उमलले की कीटकनाशक बंद. फुलोऱ्यात करपा फारच वाढला, तर एकटे मँकोझेब, १० लिटरला २५ ग्रॅम, आणि तेही सूर्य मावळल्यावर. सकाळी नाही, दुपारी तर मुळीच नाही. तुषार सिंचनही या दिवसांत बंद ठेवा, पराग धुऊन जातो. ठिबक किंवा सरीने पाणी द्या.

गोंड्यावर गुळाचे पाणी मारायचे का, हाही प्रश्न नेहमी येतो. माझे मत, मारू नका. मुंग्या येतात, बुरशी येते, आणि माशी आली तरी गूळ चाटून परत जाते. माशी ओढणारे म्हणून विकले जाणारे द्रावणही, परिसरात माशीच नसेल तर, कोणाला ओढणार?

मोहरीबद्दल एक इशारा. कडेने मोहरी, धने, बडीशेप लावा म्हणून सगळे सांगतात. लावा, पण त्यांचा फुलोरा डेंगळ्याच्या आधी किंवा नंतर येईल असे बघून. कांद्याच्या मकरंदात पालाश (पोटॅशियम) जास्त असते, माशीला तो फारसा रुचत नाही. शेजारी मोहरी फुललेली असेल तर माशी तुमच्या गोंड्याकडे फिरकणारही नाही.

माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे आणि दर बैठकीत मी तो धरतो : बांधाची किमान तीन फूट पट्टी नांगरू नका, जाळू नका, त्यावर तणनाशक मारू नका. त्यावर शेवगा, करंज, बोर, कडुनिंब लावा. ही झाडे वेगवेगळ्या महिन्यांत फुलतात. सावलीने दोन सऱ्या बसतात हे मान्य, तरी लावा. बांधावरच्या लागवडीला रोहयोतून (रोजगार हमी योजनेतून) पैसे मिळतात, अर्ज ग्रामपंचायतीत करा. मधपेट्यांसाठी राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाची मध केंद्र योजना आहे, निम्मे अनुदान, निम्मे स्वतःचे. बाकी कागदपत्रे कृषी सहायकाला विचारा.

यंदापुरता उपाय म्हणजे भाड्याच्या मधपेट्या. एकरी दोन. साधारण दहा टक्के गोंडे उमलल्यावरच आणा. आधी आणल्या तर माश्यांना दुसऱ्या फुलांची सवय लागते. पेटी रात्री हलवा, तोंड पूर्वेला ठेवा, दुपारी सावली हवी, जवळ पाण्याचे पसरट भांडे हवे, स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत. घेताना झाकण उघडून राणी आणि अंडी-अळ्या आहेत का बघा, रिकाम्या फळ्यांचे भाडे देऊ नका. माशी दोन-तीन किलोमीटरपर्यंत जाते, तेव्हा शेजाऱ्याचा पंपही तुमच्या पेट्या रिकाम्या करू शकतो. पेट्या यायच्या आदल्या दिवशी शिवारातल्या सगळ्यांना भेटा, कोण कधी फवारणार ते ठरवून घ्या, आणि द्राक्ष-डाळिंबवाल्यांना पहिल्यांदा.