खरिपापूर्वीचे प्रश्न : अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची शिफारस आपल्या वावरात का बसत नाही?

राम राम. खरीपपूर्व सभांमधून आणि चिठ्ठ्यांमधून बरेच प्रश्न जमले आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देतो आहे. पहिल्या उत्तराला जास्त जागा दिली आहे, कारण निम्म्या चिठ्ठ्यांचा रोख तोच आहे.

प्रश्न : "साहेब, मागच्या साली अकोल्याच्या शिवारफेरीत गेलो होतो. तिथलं सोयाबीन कमरेला लागे, बुडापासून शेंगा. नाव लिहून आणलं, तेच वाण माह्या वावरात टाकलं तं गुडघ्याएवढंबी झालं नाही अन् शेंगा पोचट. विद्यापीठाचं संशोधन विद्यापीठाच्याच वावरात पिकते काय?" (मंगरूळपीर तालुका)

भाऊ, तुमचा राग रास्त आहे. वाणाचं नाव इथं मुद्दाम देत नाही, कारण दोष वाणाचा नाही. तुमच्याच चिठ्ठीत पुढं तीन गोष्टी आहेत : वावर बरड, वीतभर खाली मुरूम लागतो, पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरनं झाली आणि बी खोल पडलं, सप्टेंबरात पावसानं दडी मारली. शिवारफेरीत विद्यापीठ आपल्या रानातली पिकं फिरवून दाखवतं, आणि तिथं तुम्ही पाहिलेला प्लॉट भारी काळ्या जमिनीवरचा. तिथं पाऊस थांबला तरी पोटातली ओल पिकाला काही दिवस पुरते. मुरमाड रानात ती ओल राहत नाही, आणि उशिरा पक्व होणारं वाण नेमकं दाणे भरायच्या वेळी उपाशी राहतं. अशा जमिनीला जेएस ९३-०५ किंवा जेएस २०-३४ यांसारखं लवकर येणारं वाण बरं. ही दोन्ही जबलपूरची, पण आपल्याकडं रुळलेली.

आता मूळ प्रश्न. एखादी शिफारस तुमच्यापर्यंत येते कशी? अकोल्याचं विद्यापीठ १९६९ साली सुरू झालं. विदर्भाचे अकराही जिल्हे त्याच्याकडं आहेत, आणि त्याच्या हाताखाली ठिकठिकाणी संशोधन केंद्रं आहेत. सोयाबीनचं मोठं काम अमरावतीच्या केंद्रावर होतं, धानाचं सिंदेवाहीला. तिथं तयार झालेलं वाण अनेक ठिकाणी, अनेक हंगाम जुन्या वाणांच्या शेजारी लावून तपासतात. मग अकोला, राहुरी, परभणी आणि दापोली या चारही विद्यापीठांचे शास्त्रज्ञ वर्षातून एकदा एकत्र बसतात. त्या बैठकीला जॉइंट अ‍ॅग्रेस्को म्हणतात. तिथं खरडपट्टी निघते, आकडे मागितले जातात, काही प्रस्ताव परत पाठवले जातात. जे टिकतं त्याची शिफारस होते, आणि ती कधीच नुसती 'हे वाण चांगलं' अशी नसते. तिला शेपूट असतं : अमुक जमिनीसाठी, कोरडवाहूसाठी, अमुक तारखेपर्यंतच्या पेरणीसाठी, एकरी इतक्या बियाण्यासाठी.

पुढच्या वाटेत हे शेपूट गळतं. शास्त्रज्ञ जिल्ह्याच्या चर्चासत्रात बोलतात, तिथून गोष्ट तालुक्याला येते. तालुक्याहून ती कृषी सहायकाकडं जाते, आणि त्याच्याकडं एकाच वेळी चार-पाच गावं, विम्याचे पंचनामे, अनुदानाचे अर्ज आणि निवडणुकीची ड्युटी असते. तो गावात येऊन देवळाच्या सभामंडपात दहा मिनिटं बोलतो. तिथून कोणी तरी मोबाईलवर टाकतं. शेवटी तुमच्या हातात वाणाचं नाव तेवढं उरतं. कृषी खात्याचा माणूस म्हणून हे लिहायला बरं वाटत नाही, पण खरं हेच आहे. म्हातारी मंडळी १९८० च्या दशकातली 'प्रशिक्षण आणि भेट' योजना आठवतात. तेव्हा कृषी सहायकाचा गावात येण्याचा वार ठरलेला असे. त्या योजनेतही त्रुटी होत्याच, पण वार ठरलेला असल्यानं प्रश्न विचारायला माणूस सापडायचा.

म्हणून यापुढं कुणीही शिफारस सांगितली, मग तो मी असेन नाही तर दुकानदार, तर तिथल्या तिथं विचारा : कोणत्या जमिनीसाठी? किती दिवसांचं? पेरणी कधीपर्यंत? उत्तर आलं नाही तर शिफारशी छापलेली विद्यापीठाची डायरी पाहा किंवा कृषी विज्ञान केंद्राला फोन करा. आपल्या वाशिम जिल्ह्याचं केंद्र रिसोड तालुक्यात करड्याला आहे.

या केंद्रांचं कामही समजून घ्या, कारण लोक तिथं फुकटच्या बियाण्यासाठीच जातात. देशातलं पहिलं कृषी विज्ञान केंद्र १९७४ साली पुदुच्चेरीला निघालं. आता या केंद्रांकडं दोन वेगवेगळी कामं आहेत. शेतावरील चाचणीत शिफारस आपल्या भागात चालते का हेच तपासायचं असतं. तिथं ती नापास झाली तरी चाचणी वाया जात नाही. आद्यरेखा प्रात्यक्षिकात मात्र तपासून झालेली गोष्ट लोकांना दाखवायची असते, बहुधा एकेका एकरावर. दोन्हींत शेजारी तुमच्या नेहमीच्या पद्धतीचा तुकडा ठेवावाच लागतो, आणि घोळ तिथंच होतो. चांगलं खत, वेळेवर डवरणी (कोळपणी) सगळं नव्या तुकड्याला मिळतं आणि जुना तुकडा सावत्र होतो. मग फरक वाणाचा की मेहनतीचा, कळणार कसं? प्रात्यक्षिकाचा प्लॉट नेहमी डांबरी रस्त्याच्या कडेला अन् गावातल्या सगळ्यात कसदार रानात का असतो, यावर तुम्ही पारावर हसता ते मला माहीत आहे. पाहुण्यांच्या गाड्या तिथवर जातात, हे त्याचं कारण. बरड वावरवाल्यानं पुढं येऊन "माझ्याकडं घ्या" म्हटलं पाहिजे. यंदा तुमचं नाव मी पाठवतो आहे.

तोवर घरच्या घरी इतकं करा. पूर्ण वावरात नवं वाण टाकू नका. एका अंगाला दहा-बारा तासं (ओळी) नव्याची, लगेच शेजारी तेवढीच जुन्याची. पेरणीचा दिवस एक, खत एक, डवरणी एक. बी तीन ते चार सेंटिमीटरच्या खाली जाऊ देऊ नका. ट्रॅक्टरवाल्याला घाई असते, त्याला थांबवून पहिल्याच ओळीत बोटानं माती उकरून पाहा. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होईपर्यंत पेरणीला हात लावू नका. काढणीला दोन्ही तुकडे वेगळे मळा आणि वजन लिहून ठेवा. तो कागद मला द्या. जिल्हा मासिक चर्चासत्रात शास्त्रज्ञ समोर बसलेले असतात. "शेतकरी म्हणतात जमत नाही" एवढं मी तिथं म्हटलं तर मान हलवून विषय पुढं जातो. "मुरमाड जमीन, अमुक तारखेची पेरणी, शेजारच्या जुन्या वाणापेक्षा इतके किलो कमी" असं म्हटलं की वही उघडते. अकोल्याहून गावाकडं माहिती येण्याचा रस्ता बरा आहे, गावाकडून अकोल्याला जाण्याचा फार अरुंद.

प्रश्न : "कपाशीवर गुलाबी बोंडअळी आली की कृषी केंद्रवाला (दुकानदार) दोन-तीन औषधं एकत्र करून देतो. तुमचं म्हणणं वेगळं, विद्यापीठाचं वेगळं. ऐकायचं कोणाचं?" (कारंजा तालुका)

आधी वावराचं ऐका. फुलोऱ्यात पऱ्हाटीची (कपाशीची) फुलं नीट पाहा. गुलाबाच्या कळीसारखी मिटलेली, न उमललेली डोमकळी दिसली तर ती तोडून आतल्या अळीसकट नष्ट करा. एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) लावा आणि सकाळी पतंग मोजा. सलग तीन रात्री सापळ्यामागं आठ किंवा जास्त पतंग आले तर फवारणीची वेळ आली. दुसरा हिशेब बोंडांचा : वावरात फिरून वेगवेगळ्या झाडांची वीस हिरवी बोंडं तोडा, चिरून पाहा, दोन किंवा जास्त बोंडांत अळी निघाली तर फवारा. त्याआधी फवारलेलं औषध पाण्यात गेलं समजा. शिवाय सुरुवातीलाच पायरेथ्रॉइड गटातली औषधं मारली की पुढं पांढरी माशी डोकं वर काढते.

ही आर्थिक नुकसानीची पातळी, म्हणजे जिच्यापुढं फवारणीचा खर्च परवडतो ती हद्द, शास्त्रज्ञांनी काढलेली आहे, पण ती ओलांडली की नाही हे शिवारातच मोजावं लागतं. २००८ साली सोयाबीनवर पानं खाणाऱ्या अळ्यांचा उद्रेक झाला. तेव्हा मोजणारं कोणी नव्हतं, कळलं तोवर पानांची चाळणी झाली होती. त्यानंतर २००९-१० पासून राज्यात क्रॉपसॅप ही कीड सर्वेक्षणाची योजना सुरू झाली. कीड सर्वेक्षक ठरलेल्या शेतांत जाऊन मोजणी करतात, त्यावर शास्त्रज्ञ सल्ला देतात. तुमच्या गावात सर्वेक्षक आला तर त्याच्यासोबत एक चक्कर मारा. मोजायची पद्धत हाताला बसते.

औषधांची भेसळ मात्र करू नका. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि मजूर दगावले. पऱ्हाटी डोक्याइतकी वाढलेली, अंगावर उघडा सदरा, पंपात मिश्रण. दुकानदाराकडून पक्कं बिल घ्या, डब्यावरच्या लेबलात कपाशी आणि ही अळी दोन्ही आहेत का पाहा. बिल द्यायला तो कां-कूं करत असेल तर तिथून निघा.

प्रश्न : "सभा नेहमी सकाळी अकराला. तेव्हा आम्ही निंदणात असतो. बियाण्याची किट पण सातबाऱ्यावर नाव असलेल्यालाच. आम्हा बायकांना कोण विचारते?" (बचत गटाच्या ताई, मानोरा तालुका)

ताई, तक्रार मान्य. सभेची वेळ कार्यालयाच्या सोयीनं ठरते, शेताच्या नाही. बियाण्याची उगवण तपासणं, बीजप्रक्रिया, निंदण, वेचणी हे सगळं तुम्हीच करता. डोमकळीही सगळ्यात आधी निंदणाऱ्या बाईलाच दिसते. ज्याला सांगायचं ते राहून जातं आणि सभेला ज्याचा हात मातीला लागत नाही तो येऊन बसतो. तुमच्या गटाची वेगळी महिला शेतीशाळा घेता येते. गटाच्या ठरावासह नावांची यादी द्या आणि वेळ तुम्ही ठरवा, संध्याकाळची असली तरी चालेल. सातबाऱ्याचं म्हणाल तर लक्ष्मी मुक्ती योजनेत नवऱ्याच्या संमतीनं बायकोचं नाव सातबाऱ्यावर लागतं. अर्ज तलाठ्याकडं करायचा. सभेत मी हे पुरुषांसमोर सांगतो तेव्हा शांतता पसरते, म्हणून इथं लेखी दिलं.

प्रश्न : "दरवर्षी सोयाबीनचं बियाणं विकतच घ्यावं लागते काय?" (तीन-चार गावांतून)

नाही. सोयाबीन स्वपरागीभवनाचं पीक आहे. एकदा निळ्या खुणेचं प्रमाणित बियाणं आणलं की पुढं दोन-तीन वर्षं घरचं चालतं. त्याची वरची साखळीही माहीत असू द्या : विद्यापीठाचं पैदासकार बियाणं पिवळ्या खुणेचं, त्यापासून पायाभूत पांढऱ्या खुणेचं, त्यापासून प्रमाणित. घरचं बी उंचावरून आपटू नका, पोत्यांची थप्पी उंच रचू नका. या बियाण्याचं साल पातळ असतं, मार लागला की उगवण गेली.

पेरणीआधी गोणपाट ओलं करून त्यावर शंभर दाणे मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा, पाणी शिंपडत राहा. पाच-सहा दिवसांनी चांगले कोंब मोजा. सत्तर आले तर एकरी तीस किलो पेरा. साठ आले तर पस्तीस लागेल. त्याहून फार खाली गेलं तर ते बियाणं धान्य म्हणून विका. बीजप्रक्रियेत आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, आणि जिवाणू संवर्धक सगळ्यात शेवटी, पेरणीच्या तोंडावर, सावलीत.

प्रश्न : "पीक वाळायला लागलं की फोटो पाठवतो, पण नक्की उत्तर भेटत नाही."

एका पिवळ्या पानाच्या फोटोवरून कोणीच नक्की सांगू शकत नाही. पूर्ण झाड मुळासकट, मातीच्या गोळ्यासह उपटा. फोटो तीन काढा : मूळ, खोड उभं चिरून, आणि लांबून पूर्ण वावर, म्हणजे वाळवण ठिगळाठिगळानं आहे की सगळीकडं ते कळतं. सोबत वाण, पेरणीची तारीख, आजवर मारलेली औषधं आणि शेवटचा पाऊस लिहा. झाड पाठवायचं असेल तर वर्तमानपत्रात गुंडाळा, प्लास्टिकमध्ये ते सडतं. घाई असेल तर किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात. माझ्या कार्यालयात नमुने सोमवारी आणा, त्या दिवशी मी दौऱ्यावर नसतो.