‘मायकॉटिक’ म्हणजे बुरशीजन्य नव्हे

प्रश्न असा आहे: जन्मजात हृदयदोष असलेल्या मुलांच्या पालकांसाठी माहितीपत्रक मराठीत आणताना ‘मायकॉटिक अ‍ॅन्युरिझम’ला, म्हणजे जंतुसंसर्गाने धमनीच्या भिंतीला येणाऱ्या फुगवट्याला, ‘बुरशीजन्य धमनीविस्फार’ म्हणावे काय?

म्हणू नये. ग्रीक ‘मुकेस’ म्हणजे अळंबी, हे खरे. पण कॅनेडियन वैद्य विल्यम ऑस्लर यांनी १८८५ साली लंडनमधील व्याख्यानांत हे नाव वापरले, त्या काळी जिवाणूंची गणना बुरशीच्याच गोतात होत असे. क्षयाच्या जंतूच्या ‘मायकोबॅक्टेरियम’ या नावातही हाच ग्रीक शब्द आहे, पण तेवढ्यावरून क्षयाला कोणी बुरशीचा आजार म्हणत नाही.

प्रत्यक्षात घडते ते असे, की हृदयाच्या आतल्या अस्तराला किंवा झडपेला जंतुसंसर्ग झाला म्हणजे तेथे रक्ताची गुठळी आणि जंतू यांचा थर साचतो, त्याचा कण सुटून रक्ताबरोबर वाहत जातो, बहुधा मेंदूतील एखाद्या धमनीच्या फाट्यावर अडकतो, आणि तेथली भिंत पोखरली जाऊन फुगते. हे जंतू बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस किंवा स्ट्रेप्टोकॉकस जातीचे, म्हणजे जिवाणूच असतात. क्वचित कॅन्डिडा किंवा अ‍ॅस्परजिलस ही बुरशीही कारण ठरते, आणि तिच्यावरची औषधे वेगळी असतात. म्हणूनच ‘बुरशीजन्य’ हा शब्द त्या मोजक्या रुग्णांसाठी राखून ठेवणे भाग आहे.

मग ‘संसर्गजन्य’ म्हणावे, असे चटकन सुचेल. व्युत्पत्तीने ते चूक नाही, पण मराठी वाचकाला संसर्गजन्य म्हणजे एकाचा दुसऱ्याला लागणारा रोग वाटतो, आणि आई धाकट्या भावंडाला वेगळे निजवू लागेल. ‘जंतुसंसर्गामुळे झालेला धमनीविस्फार’ हे लांब असले तरी निर्धोक आहे.

‘विस्फार’ मात्र जरूर ठेवावा. अ‍ॅन्युरिझममधला ग्रीक ‘एउरुस’, म्हणजे रुंद, हा आपल्या ‘उरुक्रम’ (रुंद पावले टाकणारा, विष्णू) मधील ‘उरु’चा सख्खा भाऊ आहे, आणि विस्फारलेले डोळे सर्वांच्या परिचयाचे आहेत. धोका आहे तो ‘विस्फोट’ असे वाचले जाण्याचा: विस्फारात भिंत ताणली जाते, विस्फोटात ती फुटते, आणि उपचाराची सारी धडपड पहिल्याचे दुसरे होऊ नये यासाठी असते. तेव्हा पहिल्या उल्लेखाशेजारी ‘धमनीला आलेला फुगा’ एवढे लिहावे; डॉक्टरही घरच्यांना तसेच समजावतात.