वाचक विचारतात: बोटीचं मशीन पाण्यात मध्येच का मरतं?

प्रश्न: बामणोलीच्या धक्क्यावरून आमची बोट चालते. बोटीच्या मागे टांगलेलं १५ अश्वशक्तीचं टू-स्ट्रोक मशीन (आउटबोर्ड) आहे. सकाळी दुसऱ्या दोरीला सुरू होतं, वासोट्याच्या दिशेनं १०-१५ मिनिटं झकास जातं, मग वेग आपोआप उतरतो आणि मशीन बंद. नळीवरचा रबरी फुगा चार-पाच वेळा दाबला की पुन्हा चालतं, थोड्या वेळानं परत तेच. प्लग बदलले, कार्बोरेटर दोनदा उघडून साफ केला. आता काय बदलावं?
(एक बोटचालक, ता. जावळी)

उत्तर: तूर्त काहीच बदलू नका. आधी एक शंका फेडून घ्या: मशीन पुन्हा चालतं ते फुगा दाबल्यामुळे, की मधल्या वेळात ते गार झाल्यामुळे? काठाजवळ, दोघांनी मिळून पाहा. एकानं सुकाणू धरून बोट पूर्ण वेगात ठेवायची. वेग उतरू लागताच मशीन बंद पडायची वाट न बघता दुसऱ्यानं फुगा दाबत राहायचं. वेग लगेच परत आला तर कार्बोरेटर निर्दोष आहे, पेट्रोल तिथवर पोचत नाही एवढंच. दाबूनही फरक पडला नाही तर दोष कार्बोरेटरच्या जेटमध्ये (पेट्रोल जिथून येतं ते बारीक भोक) किंवा तापल्यावर ठिणगी देणं बंद करणाऱ्या कॉइलमध्ये शोधावा लागेल.

त्याच वेळी फुग्याचा आकार बघा. तो चपटा, आत ओढल्यासारखा झाला असेल तर अडथळा टाकीच्या बाजूला आहे. गोल राहून मशीन मरत असेल तर दोष फुग्याच्या पुढे, म्हणजे फिल्टर किंवा पेट्रोल पंपात. (मशीन चालू असताना फुगा थोडा मऊ लागतो, त्याला घाबरू नका.)

१०-१५ मिनिटांचा हिशेब पाहता पहिला संशय टाकीच्या झाकणावरच्या हवेच्या स्क्रूवर जातो. पेट्रोल जितकं बाहेर जातं तितकी हवा आत यायला हवी. स्क्रू बंद राहिला किंवा त्याचं भोक बुजलं की टाकीत हळूहळू ओढ तयार होते आणि पंपाला ती झेपत नाही. मशीन मरताच झाकण सैल करा. ‘सूं’ करून हवा आत गेली तर दोष सापडला. स्क्रू उघडा असूनही असं झालं तर भोक तपासा. पावसाळाभर शेडमध्ये पडलेल्या टाकीच्या त्या भोकात कुंभारीण माशी मातीचं घर करून ठेवते आणि वरून काही दिसत नाही.

झाकण ठीक असेल तर टाकीतली ओढनळी बाहेर काढा. तिच्या तळाच्या जाळीत कचरा, गंज, जुन्या टाकीची सुटलेली साल अडकते. मग नळी बघा. जुन्या नळीचं आतलं अस्तर इथेनॉलच्या पेट्रोलनं फुगतं आणि बाहेरून नळी नवीकोरी दिसत असताना आतली वाट अर्धी होते. मोटारसायकलची बारीक नळी जोडली असेल तर आजच काढा, या मशीनला आतून त्याहून मोठी वाट लागते.

नळीच्या टोकाला असलेल्या कनेक्टरच्या ओ-रिंगकडे (सांधा घट्ट ठेवणारं रबरी कडं) कोणी बघत नाही. बाहेर पेट्रोल ठिबकत नाही म्हणजे सांधा घट्ट, हा समज चुकीचा आहे. मशीन चालू असताना या भागात ओढ असते, त्यामुळे पेट्रोल बाहेर येण्याऐवजी हवा आत शिरते. कनेक्टर आणि पंपाच्या मधे वीतभर पारदर्शक नळी क्लिप लावून जोडा. चालू मशीनमध्ये तिच्यातून बुडबुडे जाताना दिसले तर मागचे सांधे एकेक करून तपासा. चाचणी झाली की ती नळी काढून टाका, पेट्रोलमध्ये ती कडक होऊन तडकते.

सगळ्यात सोपी कसोटी शेजारच्या बोटीवाल्याकडून मिळते: त्याची टाकी, त्याच्याच नळी आणि फुग्यासकट, तुमच्या मशीनला लावा आणि २० मिनिटं पळवा. कनेक्टर कंपनीगणिक वेगळे असतात, तेव्हा त्याच कंपनीच्या मशीनवाल्याला गाठा. मिश्रणातलं ऑइलचं प्रमाणही विचारून घ्या. मशीन मरलं नाही तर दोष तुमच्या टाकी-नळीत. तरीही मरलं तर फिल्टर बदला आणि पंप उघडा. त्यातला पातळ पडदा उजेडासमोर धरा. सुईच्या टोकाएवढं भोक असलं किंवा पडदा ताठ झाला असला तरी पंप दमतो. टू-स्ट्रोकमध्ये हा पंप इंजिनाच्या पोटातल्या दाबाच्या ठोक्यांवर चालतो, म्हणून फाटक्या पडद्यातून पेट्रोल थेट इंजिनात जाऊन धूरही वाढतो. पडदा आणि गॅस्केट एकत्रच बदला, आणि जुने थर कोणत्या क्रमानं होते त्याचा फोटो आधी काढून ठेवा.

काम करताना बोटीत बिडी नको. सांडलेलं पेट्रोल फडक्यानं टिपा, शिवसागर जलाशयात सोडू नका.

प्रश्न: आमच्या गावची पूरबोट वर्षातले दहा-अकरा महिने ग्रामपंचायतीच्या शेडमध्ये असते. यंदा जूनमध्ये मशीन फक्त चोक ओढल्यावर चालतं, चोक सोडला की बंद पडतं. पेट्रोल गेल्या वर्षीचंच आहे.
(एक वाचक, ता. पलूस)

उत्तर: चोक हवा कमी करतो. चोकवरच चालतंय म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, आणि बहुतेक वेळा दोष बारीक जेटमध्ये असतो. कार्बोरेटरच्या वाटीत उरलेलं पेट्रोल उडून जातं आणि मागे लाखेसारखा चिकट थर राहतो.

टाकीच्या तळातलं पेट्रोल काचेच्या बाटलीत घेऊन अर्धा तास स्थिर ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर ते पाणी आणि इथेनॉल. मुरलेलं पाणी वाढलं की इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्याबरोबर खाली बसतं. टू-स्ट्रोकमध्ये हे घातक: त्या थरात ऑइल जवळपास नसतं, आणि ओढनळी नेमकी तळातूनच पेट्रोल उचलते. असं पेट्रोल मशीनला देऊ नका, टाकी पूर्ण रिकामी करा.

मग वाटी काढा. जेट पितळेचे असतात, पेचकस मापाचाच घ्या. भोकात तार घालू नका. भोक कणभर मोठं झालं तरी हवा-पेट्रोलचं मिश्रण बिघडतं. कार्बोरेटर क्लीनर फवारा, दहा मिनिटं मुरू द्या, हवेच्या दाबानं फुंका आणि उजेडाकडे धरून भोक गोल दिसतंय का बघा. मिश्रणाचा स्क्रू काढण्याआधी तो हलक्या हातानं पूर्ण बंद करत किती फेरे जातात ते मोजून लिहा, बसवताना तेवढेच फेरे उघडा.

पेट्रोल-ऑइलचं नवं मिश्रण ५०:१ असेल तर लिटरला २० मिली, २४ लिटरच्या टाकीला ४८० मिली. ऑइल टीसी-डब्ल्यू३ प्रतीचंच (पाण्यानं गार होणाऱ्या बोटीच्या मशीनसाठीचं) घ्या. मोटारसायकलचं टू-टी ऑइल हवेनं गार होणाऱ्या इंजिनासाठी असतं. २०१९ आणि २०२१ चा कृष्णेचा पूर बघितलेल्या गावांनी ही तयारी मे महिन्यातच उरकावी. पूर ओसरल्यावर मशीन ठेवताना २०० लिटरच्या पिंपात पंख्यावरची पट्टी बुडेल इतकं पाणी भरा, मशीन त्यात चालू करा, नळीचा कनेक्टर काढा आणि मशीन आपोआप बंद होऊ द्या. पाण्याबाहेर मात्र चालवू नका, पाणीपंपाचं रबरी चक्र थोड्याच वेळात जळतं.

प्रश्न: नवी नळी लावली, पण फुगा कितीही दाबला तरी कडक होत नाही.
(एक वाचक, सांगली)

उत्तर: फुग्यावरचा बाण मशीनकडे आहे ना? नसेल तर नळी उलटी लागली आहे. बाण बरोबर असेल तर फुगा बाण वर करून उभा धरून दाबा. आतल्या झडपा तेव्हाच नीट बसतात. तरीही मऊ राहिला तर कार्बोरेटरखाली हात लावून बघा. तिथं ओलं असेल तर फ्लोटची सुई (वाटी भरली की पेट्रोल थांबवणारी) बसत नाही. कोरडं असेल तर टाकीकडची क्लिप सैल आहे का बघा.